गेमच्या मशीनमधली चिप मेली आणि कंपनी ती बनवत नाही, मग?

नव्वदच्या दशकात ज्याने क्लास बुडवून व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रुपया-रुपयाची नाणी घातलीयेत त्याला मुस्तफा कोण ते सांगावं लागत नाही. गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कंपनी कॅपकॉम, साल 1993, पण आपल्याकडे ते नाव कोणी घेतलंच नाही, त्यातल्या एका हिरोचं नाव मुस्तफा म्हणून अख्खा गेमच मुस्तफा. तर त्या खोक्याच्या आत काय होतं? टीव्हीची ट्यूब, पॉवर सप्लाय, वायरींचा गुंता आणि एक मोठा सर्किट बोर्ड. गेम म्हणजे तो बोर्ड. आणि जगभर आज जे लोक अशी 30-40 वर्षं जुनी मशीन्स चालू ठेवायला धडपडतात त्यांचं सगळं दुखणं त्या बोर्डावरच्या दोन-चार चिप्सपाशी येऊन थांबतं.

कुठलाही जुना बोर्ड घ्या, त्यावर चिप्स दोन जातीच्या असतात. एक म्हणजे बाजारात सुट्या मिळणाऱ्या. पॅक-मॅनचा (1980, नामको) मेंदू म्हणजे झेड80 नावाचा प्रोसेसर, तोच त्या काळी कितीतरी घरगुती कॉम्प्युटरमध्येही होता, तो मेला तर दुसरा आणून लावा, विषय संपला. मेमरी चिप्स, लॉजिकच्या छोट्या 74 सिरीजवाल्या चिप्स, ह्यांचंही तसंच. दुसरी जात म्हणजे कस्टम. म्हणजे कंपनीने स्वतःच्या मापाने शिवून घेतलेली. तिच्यावर फक्त कंपनीचा एक आतला नंबर छापलेला, डेटाशीट म्हणजे माहितीपत्रक नाही, दुकानात मिळणं नाही, ती फक्त त्या कंपनीच्या त्या काळातल्या गेममध्येच सापडणार.

कंपन्या अशा चिप्स का करायच्या? एक तर पैसे वाचायचे, 20-30 छोट्या चिप्सचं काम एकीत कोंबलं की बोर्ड लहान होतो आणि बिघडायच्या जागाही कमी. दुसरं कारण चोरी. गेम हिट झाला की महिन्याभरात डुप्लिकेट बोर्ड बाजारात, कारण सगळे भाग सुटे मिळायचे आणि प्रोग्रामच्या रॉम चिप्स कॉपी करणं काही अवघड नव्हतं. मग मध्ये एक अशी चिप बसवायची जी कोणाकडेच नाही. तेव्हा हे शहाणपणाचंच होतं, पण त्याची किंमत आज भरावी लागतेय, कारण कुलूप बनवणारा दुकान बंद करून गेलाय आणि दार आपल्याला उघडायचंय.

चिप्स मरतात कशाने तर वयाने, उष्णतेने, पॉवर सप्लायने झटका दिल्याने, अंगातल्या स्टॅटिक करंटने, आणि कधीकधी पायच कुजतात. फुजित्सूच्या जुन्या चिप्सचे काळे पडलेले पाय ह्या धंद्यातल्या लोकांना बघितल्याबरोबर ओळखू येतात, सॉकेटमधून काढायला जावं तर पाय सॉकेटमध्ये आणि चिप हातात. मग इतकी वर्षं उपाय एकच होता, दुसरा एक मेलेला बोर्ड शोधायचा आणि त्याची चिप काढून ह्याला लावायची. गाडीच्या भंगारातून पार्ट काढतात तसं. पण भंगारही कधीतरी संपतंच ना.

तर मग नवी चिप का नाही बनवत? चिप बनवायला लागतात ते मास्क, म्हणजे ज्या नक्षीतून सिलिकॉनवर सर्किट उमटतं त्या काचेच्या पाट्या, आणि ते मास्क, ते ड्रॉइंग, ती फॅक्टरीतली प्रोसेस हे सगळं कधीच गेलं. म्हणून जे आज करतात ते वेगळंच आहे. बोर्डाला फसवायचं. बोर्डाला आत काय आहे ते दिसत नाही, त्याला फक्त चिपचे पाय दिसतात. ह्या पायावर अमुक आलं की त्या पायावर इतक्या नॅनोसेकंदांत तमुक यायला हवं, एवढाच बोर्डाचा आणि चिपचा संबंध. तेवढं जमलं की आत 1982 चं सिलिकॉन आहे की मागच्या महिन्यात असेंबल केलेला छोटा बोर्ड, त्याला काय फरक पडतो.

पण त्यासाठी जुनी चिप नक्की काय करत होती ते कळायला हवं आणि खरी मेहनत इथे आहे.

सोपं उदाहरण घेऊ, कोनामीची कोनामी-1. गायरस, ट्रॅक अँड फील्ड असल्या गेममध्ये ती बसलेली असते. बाहेरून बघितलं तर हा मोटोरोलाचा 6809 प्रोसेसर, पण साधा 6809 तिच्या जागी लावला तर गेम चालत नाही. कारण रॉममधला प्रोग्राम गुंडाळून ठेवलेला आहे आणि तो उलगडायची रीत प्रोसेसरच्या पोटात आहे. रीत ऐकली तर हसू येईल इतकी साधी आहे. प्रत्येक हुकूम म्हणजे 8 बिट, त्यातले कायम दोन बिट उलटे करायचे, शून्याचा एक आणि एकाचा शून्य. कुठले दोन ते तो हुकूम मेमरीच्या कुठल्या पत्त्यावर आहे त्यावर ठरतं. पत्त्याचा बिट 1 सांगतो की 5 नंबरचा उलटा करायचा की 7 नंबरचा, आणि पत्त्याचा बिट 3 सांगतो की 1 नंबरचा की 3 नंबरचा. झालं. 6809 मध्ये "काही करू नको" ह्या हुकुमाचा आकडा हेक्समध्ये (म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत, 9 नंतर ए, बी असं) 12 आहे, पण कोनामीच्या रॉममध्ये तोच हुकूम कुठे 30 म्हणून, कुठे 90 म्हणून, कुठे 3ए तर कुठे 9ए म्हणून लिहिलेला सापडेल.

आता कोणी म्हणेल मग रॉमच उलगडून नवी लिहा आणि लावा साधा 6809. इथेच मेख आहे. गुंडाळलेले फक्त हुकूम आहेत, बाकीचा डेटा, म्हणजे आकडे, टेबलं, हे तसेच सरळ ठेवलेत. एखादा बाइट प्रोसेसर हुकूम म्हणून वाचतोय की डेटा म्हणून हे फक्त प्रोसेसरलाच माहीत असतं, रॉम बिचारीला काय कळणार, तिला फक्त पत्ता दिसतो. तेव्हा मधल्यामध्ये जुगाड करण्यापेक्षा 6809 च नव्याने तयार करायचा आणि तो हुकूम उचलतो त्या जागी हे दोन बिट उलटायची चार गेट (शून्य-एक घेऊन शून्य-एक देणारी छोटी सर्किटं) टाकायची, हे सरळ पडतं.

हे असलं कोडं बाहेरून सुटतं. काही चिप्सचं वागणं बाहेरून बघून पुरेसं कळतं, पाय 3 वर सिग्नल द्या, पाय 17 वर काय येतं बघा, लॉजिक अॅनालायझर म्हणजे सिग्नल टिपणारं यंत्र लावा, हजारो वेळा करा, वही भरा. अटारीची स्लॅपस्टिक नावाची चिप आहे, गॉन्टलेट, मार्बल मॅडनेस ह्यात. ती काय करते तर प्रोग्रामने ठरावीक पत्ते ठरावीक क्रमाने वाचले की मेमरीचा एक कप्पा बंद करून दुसरा उघडते, एकूण चार कप्पे. लहानपणी कट्ट्यावर दोनदा टकटक, मग एकदा शिट्टी असं केलं की मित्र खाली यायचा ना, तसं. ह्या गेमची टकटक वेगळी, त्या गेमची वेगळी, म्हणून चिपचा नंबरही वेगळा, एकाची दुसऱ्यात चालत नाही.

ह्यात मेमची फार मदत झाली. मेम म्हणजे निकोला साल्मोरियाने 1997 मध्ये सुरू केलेला एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची कॉम्प्युटरवर नक्कल करणारं सॉफ्टवेअर, आपण सायबर कॅफेत जे जुने गेम चालवायचो ते बहुतेक त्याच्याच कृपेने. पुष्कळ लोकांना वाटतं ते फुकट गेम खेळायचं सॉफ्टवेअर आहे, पण खरं तर तो जुन्या बोर्डांचा सगळ्यात मोठा दस्तऐवज आहे, कुठली चिप काय करते हे त्यात कोडच्या रूपात लिहून ठेवलंय. तरी मेम आणि बदली चिप ह्यात फरक आहे. एम्युलेटरमध्ये पडद्यावर बरोबर दिसलं की भागतं, नवी चिप मात्र खऱ्या बोर्डात बसणार, तिला शेजारच्या खऱ्या चिप्सशी प्रत्येक टिकटिकीला जुळवून घ्यावं लागतं. मेमला जे "साधारण असं" चालून जातं ते इथे चालत नाही.

बाहेरून नाहीच कळलं तर मग चिप फोडायची. म्हणजे खरंच फोडायची. काळं प्लास्टिक दिसतं ना, ते एपॉक्सी असतं, त्यावर गरम फ्युमिंग नायट्रिक अॅसिड टाकून ते विरघळवतात आणि आतला नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा मोकळा करतात. (घरी करू नका, ह्याची वाफसुद्धा फुप्फुसं जाळते, हे व्यवस्थित लॅबचं काम आहे.) मग मायक्रोस्कोपखाली शेकडो फोटो, ते एकमेकांना जोडून एक अवाढव्य नकाशा. आपलं नशीब एवढंच की त्या काळच्या चिप्समधल्या रेघा काही मायक्रॉन जाडीच्या, साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपखाली दिसतात. आजच्या मोबाइलची चिप अशी वाचायला गेलात तर काही दिसणार नाही.

पुढचं काम म्हणजे चिकाटी. फोटोवर एक-एक तार बोटाने धरल्यासारखी पुढे न्यायची, हा ट्रान्झिस्टर त्याला जोडलाय, हे चार मिळून एक गेट, हे आठ गेट मिळून एक फ्लिप-फ्लॉप, म्हणजे एक बिट लक्षात ठेवणारं सर्किट. पुष्कळ कस्टम चिप्स गेट अॅरे पद्धतीच्या, म्हणजे खालची ट्रान्झिस्टरची ओळ सगळ्यांना सारखी आणि वरची धातूची जोडणी तेवढी गिऱ्हाइकाप्रमाणे वेगळी. चाळीतल्या खोल्या एकसारख्या, आतली मांडामांड ज्याची त्याची. त्यामुळे एकदा त्या फॅक्टरीचे ठोकळे ओळखू यायला लागले की पुढची चिप लवकर वाचता येते. फर्टेक ह्या टोपणनावाने काम करणाऱ्या एका फ्रेंच माणसाने निओ जिओ ह्या जुन्या गेम मशीनच्या आणि कोनामीच्या कितीतरी चिप्स अशा वाचून काढून सगळ्यांसाठी मोकळ्या ठेवल्यात. मला विचाराल तर हे काम म्हणजे मोडी लिपीतली जुनी कागदपत्रं लावण्यासारखंच आहे.

काही कस्टम चिप्समध्ये तर अख्खा छोटा कॉम्प्युटर दडलेला असतो. गॅलागा (1981) घ्या, तीन झेड80 आहेत त्यात, आणि शिवाय 51 नंबरची नामको चिप. ती नाणी मोजते, जॉयस्टिक वाचते. ती मेली तर तिन्ही प्रोसेसर ठणठणीत असून मशीन तुमचं नाणं घेणार नाही. बाहेरून कस्टम वाटणारी ही चिप आत फुजित्सूचा 4 बिटांचा मायक्रोकंट्रोलर निघाली, त्याचा छोटासा प्रोग्राम फॅक्टरीतच सिलिकॉनमध्ये छापलेला. 54 नंबरची तिची बहीण, ती स्फोटाचा आवाज काढते. मागे जे तारे सरकत असतात ना, त्यांच्यासाठी वेगळीच चिप, 05 नंबरची. अशा वेळी सर्किट कळून पुरत नाही, आतला प्रोग्राम एकेका बिटासकट वाचावा लागतो.

आणि आता माझा सगळ्यात आवडता किस्सा. रोबोट्रॉन 2084 (1982, विल्यम्स) मध्ये पडद्यावर शंभरेक शत्रू एकदम धावत येतात, आणि मुख्य प्रोसेसर फक्त 1 मेगाहर्ट्झचा. चित्रं भराभर हलवायचं काम त्याला झेपणारच नाही म्हणून विल्यम्सने खास चिप बनवून घेतली, ब्लिटर म्हणतात तिला, अशा दोन बोर्डावर. मेमरीतलं चित्र उचलायचं आणि पडद्यावर नेऊन ठेवायचं, एवढंच तिचं काम, हमालीच म्हणा ना. पण पहिल्या खेपेच्या चिपमध्ये चूक राहिली. चित्राची रुंदी आणि उंची सांगितली की ती त्या आकड्यातला 4 किमतीचा बिट उलटा धरायची. म्हणजे 2 सांगा, तिला 6 ऐकू येतं. 5 सांगा, तिला 1. चिप परत बनवायची म्हणजे पैसे आणि महिने, मग प्रोग्रामरांनी काय केलं, 6 हवे असतील तर मुद्दाम 2 लिहायचं. पुढच्या आवृत्तीत चूक दुरुस्त झाली, पण रोबोट्रॉनचा प्रोग्राम तर चुकीच्या चिपसाठी लिहिलेला. त्यामुळे आज जो कोणी ही चिप नव्याने बनवतो त्याला ती चूकसुद्धा जशीच्या तशी बनवावी लागते. शहाणपणा करून बरोबर चिप बनवली तर पडद्यावर राडा.

बरं, कळलं सगळं, आता बनवायचं कशावर? त्यासाठी एफपीजीए आणि त्याचा धाकटा भाऊ सीपीएलडी अशा चिप्स मिळतात. ह्या कोऱ्या असतात, आत हजारो गेट पण कोण कोणाला जोडलंय ते ठरलेलं नाही, ते आपण सांगायचं. सांगायची भाषा व्हेरिलॉग. दिसायला ती प्रोग्रामसारखी दिसते पण प्रोग्राम एकामागून एक ओळ चालतो, हे तसं नाही, हे सर्किटचं वर्णन आहे, सगळं एकाच वेळी चालू. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी आर्डुइनोसारखा मायक्रोकंट्रोलर पुरत नाही. पॅक-मॅनचा झेड80 3.072 मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे एक ठोका साधारण 325 नॅनोसेकंद, त्यात विचारलेल्याचं उत्तर पायावर हजर पाहिजे, प्रोग्राम ओळ वाचून विचार करेपर्यंत वेळ निघून जातो.

मग येते व्होल्टेजची भानगड. जुना बोर्ड 5 व्होल्टचा, आजच्या चिप्स 3.3 किंवा त्याहून कमी. नव्या चिपने 3.3 दिले तर जुन्याला चालतात, त्याला 2 च्या वर काहीही "एक"च वाटतो, पण उलट दिशेने 5 व्होल्ट आले की नवी बहुतेक वेळा भाजते. मध्ये भाषांतर करणाऱ्या चिप्स टाकाव्या लागतात आणि हे सगळं 40 पायांच्या जुन्या चिपच्या जागेत, 2 इंच बाय अर्धा-पाऊण इंच. त्यात नवी चिप फार वेगवान, तिचे सिग्नल इतके झटकन वर-खाली होतात की जुन्या लांबलचक तारांवर ते घंटेसारखे घुमतात आणि शेजारची चिप एक ठोका दोनदा मोजते. कागदावर सगळं बरोबर, सिम्युलेशन बरोबर, आणि बोर्ड चालू केला की पडद्यावर कचरा. असं झालं की दोन-दोन आठवडे ऑसिलोस्कोपसमोर जातात.

आवाजाच्या चिप्स त्याहून त्रासदायक, कारण तिथे शून्य आणि एक नाही चालत. अटारीची पोकी घ्या, सेंटिपीडमध्ये एक, टेम्पेस्टमध्ये दोन, स्टार वॉर्समध्ये चार. चार आवाज काढते, शिवाय कंट्रोल वाचते आणि गेमला अंदाधुंद आकडेही पुरवते. तिचे चारही आवाज एकदम मोठे केले तर बेरीज सरळ चौपट होत नाही, वरच्या बाजूला दबते, आणि ती दबलेली बेरीज हाच तो ओळखीचा आवाज. नुसता गणिताने बरोबर आवाज काढला तर कान लगेच सांगतात की काहीतरी बिनसलंय.

सगळ्यात क्रूर प्रकार म्हणजे बॅटरीवाल्या चिप्स. कॅपकॉमच्या सीपीएस-2 बोर्डांतली (1993 पासून) आणि सेगाच्या सिस्टीम 16 बोर्डांतली एफडी1094. ह्यात प्रोग्राम उलगडायची किल्ली बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत ठेवलेली. बॅटरी उतरली, किल्ली पुसली, गेम मेला. उघडायचा प्रयत्न केलात तरी मेला. लोक ह्याला आत्महत्येची बॅटरी म्हणतात, आणि मला राग येतो तो ह्याचाच, मशीन विकत घेणाऱ्याने इमानदारीने पैसे मोजले आणि बॅटरी संपली म्हणून त्याच्याकडे उरला नुसता डबा. सीपीएस-2 चं कोडं आंद्रेआस नाइव्ह आणि साल्मोरिया ह्यांनी 2007 मध्ये सोडवलं, 64 बिटांची किल्ली कशी वापरली जाते ते सगळं उघड झालं, आणि नंतर तर मेलेल्या बोर्डात ती परत भरायची रीतही सापडली, थोड्या वायरी आणि एक साधा आर्डुइनो. म्हणजे इथे चिप नव्याने बनवायची गरजच राहिली नाही.

हे कायद्यात बसतं का? चिपच्या नक्षीला मिळणारं संरक्षण कॉपीराइटइतकं लांब नसतं, अमेरिकेत 1984 च्या कायद्याने 10 वर्षं आणि आपल्याकडेही 2000 सालच्या सेमीकंडक्टर लेआउट-डिझाइन कायद्याने 10 च वर्षं, त्यामुळे 80 च्या दशकातल्या नक्षीवर आता कोणाचा दावा नाही. पण चिपच्या आत लिहिलेला प्रोग्राम ही वेगळी गोष्ट, त्यावर कॉपीराइट चालूच आहे. म्हणून काही जण सर्किट मोकळं देतात आणि आतला प्रोग्राम तुमचा तुम्ही आणा म्हणतात.

गंमत म्हणजे बदली चिप्स ज्यावर बनतात त्याही आता जुन्या व्हायला लागल्या. एक्ससी9500एक्सएल नावाची सीपीएलडीची मालिका ह्या लोकांची लाडकी, कारण ती 3.3 वर चालूनही 5 व्होल्ट सहन करते. एएमडीने 2024 मध्ये ती बंद करायचं जाहीर केलं. त्याच वर्षी झायलॉगने सुटा झेड80 ही बंद केला, तोच जो मी वर म्हटलं दुसरा आणून लावा. त्यामुळे आता जो तो व्हेरिलॉग लिहून नेटवर मोकळं टाकतोय, चिप कुठलीही असो, वर्णन हातात असलं की पुढच्या वेळी दुसऱ्यावर ओतता येतं.

आणि मुस्तफा? त्यातल्या आवाजाच्या प्रोसेसरला, काबुकी म्हणतात त्याला, अशीच बॅटरीवाली किल्ली आहे. ग्राफिक्सच्या एका चिपची सेटिंगही बॅटरीवरच. म्हणजे ओरिजिनल बोर्ड नुसता माळ्यावर ठेवला तरी कधीतरी मरणार. पण आपल्या पार्लरांमध्ये डुप्लिकेट बोर्डांचा सुळसुळाट होता, आणि चोरांनी कुलूप आधीच तोडलेलं असल्यामुळे त्यांना बॅटरीची गरजच नाही. ह्या गेमच्या काही डुप्लिकेटमध्ये तर आवाजाचं मूळ सर्किटच उडवून एक पीआयसी मायक्रोकंट्रोलर आणि ओकेआयची साधी सॅम्पल वाजवणारी चिप बसवली होती, म्हणून आपल्यातल्या कित्येकांच्या कानात बसलेला मुस्तफाचा आवाज हा कॅपकॉमचा नसेलही. कोणाच्या ओळखीत पार्लरवाला असेल आणि त्याच्या गोडाऊनमध्ये बोर्ड पडलेला असेल तर आधी बघा बॅटरी आहे का. असेल तर हात लावायच्या आधी कोणाला तरी जाणत्याला विचारा, कारण ती नुसती काढली तरी किल्ली जाते. नसेल तर बहुधा डुप्लिकेट आहे, धूळ झटका, 5 व्होल्ट नीट मोजा आणि लावा.